नोकरी सोडण्याच्या तुमच्या सल्ल्याविषयी

तीर्थरूप बाबा व आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, कामाच्या ताणाने प्रकृती बिघडली असेल तर राजीनामा देऊन मिरजेला निघून यावे, असे तुम्ही परवा सुचवलेत. त्यामागची काळजी मी जाणतो, परंतु फोनवर नीट सांगता आले नाही म्हणून हे पत्र लिहीत आहे. हे दुखणे कामातून आलेले नाही. दुखण्यामुळे काम जड झाले आहे, आणि तेही काही काळापुरते.

आपल्या घरी थायरॉईड म्हटले की मावशीचे वाढलेले वजन, तिची सुस्ती आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी डोळ्यांसमोर येते. तिची ग्रंथी कमी काम करते, माझी गरजेहून फार जास्त. ग्रेव्हज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच अशी प्रतिपिंडे तयार करते, जी थायरॉईड ग्रंथीला अखंड चेतवत राहतात. त्यामुळे भरपेट जेवूनही वजन उतरते, स्वस्थ बसले तरी छाती धडधडते, घाम येतो आणि अंग थकलेले असूनही झोप लागत नाही. स्त्रियांमध्ये हा विकार पुष्कळ अधिक आढळतो हे आईचे म्हणणे खरे आहे, पण पुरुषही सुटत नाहीत. अमेरिकेचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांना तो १९९१ साली पदावर असतानाच झाला, आणि त्यांच्या पत्नीलाही तो त्याआधीच झालेला होता.

माझे काम तपासणी विभागातले. मायक्रोमीटरवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप घ्यायचे, तर बोटे थरथरून चालत नाहीत. आणि नेमकी तीच थरथरू लागली. (एकाने हळूच बाजूला घेऊन दारूविषयी विचारले, तेव्हा हसावे की रडावे ते कळेना.) दंड आणि मांड्यांचे स्नायू दुबळे झाल्यामुळे जिना चढणे आणि जड सुटा भाग उचलून टेबलावर ठेवणे कठीण झाले, शेडमधला उकाडा असह्य झाला. तरीही मला सर्वांत जाचले ते मन एका जागी न ठरणे. वाचलेला आकडा नोंदवहीत लिहीपर्यंत विसरायचा, मग पुन्हा मोजायचे, आणि एवढ्यात कोणी काही विचारले की त्याच्यावर खेकसायचे. बाहेरून पाहणाऱ्याला यात आजार दिसत नाही, माणूस चिडखोर आणि निष्काळजी झालेला दिसतो.

उपचारांविषयी सांगतो. प्रोप्रॅनोलॉलने धडधड आणि थरथर लवकर आटोक्यात आली, पण ती गोळी मूळ कारणावर नाही. कार्बिमाझोल नवे संप्रेरक तयार होऊ देत नाही. मात्र ग्रंथीत आधीच साठलेले संपायला काही आठवडे जातात, म्हणून गोळी सुरू झाली आणि माणूस कामाला लागला असे होत नाही. रक्तातले आकडे सुधारल्यावरही टीएसएच (थायरॉईडला काम करायला सांगणारे संप्रेरक) बराच काळ दबलेले राहू शकते, आणि स्नायूंची ताकद व एकाग्रता तर रिपोर्टच्याही मागून येते. तेव्हा पुढचा रिपोर्ट चांगला आला तर ‘आता बरा झालास, गोळ्या बंद कर’ असे कृपया म्हणू नका. हे औषध साधारण १२ ते १८ महिने घ्यावे लागते. बंद केल्यावर अनेकांना त्रास पुन्हा उद्भवतो. तसे झाले तर किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया हे पर्याय आहेत.

राजीनाम्याऐवजी मी डॉक्टरांचे पत्र कार्यालयात देऊन रात्रपाळीतून तात्पुरती सूट मागितली, ती मिळाली. सध्या मोजमाप दुसरा करतो आणि मी नोंदी व अहवाल पाहतो. या पदावर मी राहिलो तर पूर्ववत काम करता येईल. घरी बसलो तर या वयात पुन्हा अशी नोकरी मिळणे अवघड आहे, आणि पगार थांबल्याची धास्ती या धडधडीत आणखी भर घालील.

आई, तू पाठवलेले अश्वगंधाचे चूर्ण मी घेतलेले नाही. त्याने थायरॉईडची संप्रेरके वाढल्याच्या नोंदी आहेत, म्हणून डॉक्टरांनी ते वर्ज्य सांगितले आहे. रागावू नकोस, लाडू मात्र जरूर पाठव, भूक अजून दांडगी आहे. आणि मी ताप किंवा घसादुखी आहे असे फोनवर म्हणालो, तर काढा सुचवण्याआधी मला रक्ततपासणीची आठवण कर. कार्बिमाझोलच्या गोळीने क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटतात, आणि त्याची पहिली खूण तीच असते.

बाबा, तुमच्या रक्तदाबाची गोळी संपत आली असेल. ती मागवून ठेवा.

आपला आज्ञाधारक,
संजय