औषध बदला म्हणता, तर गट नंबर पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या शेती पानावर हरभऱ्याच्या घाटेअळीसाठी "औषधं आलटून पालटून फवारा" असं दरवर्षी येतं, सल्ला बरोबरच आहे, पण आलटून पालटून म्हणजे काय ते कुणी फोडून सांगत नाही. आमच्याकडं जालना भागात कास्तकार कृषी केंद्रावर जाऊन मागचं औषध लागू पडलं नाही म्हणतो आणि दुकानदार दुसऱ्या कंपनीची पुडी हातात देतो, ती उलटून बघा, आत परत तेच इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी (पाण्यात विरघळणारे दाणे)!

मी कॉलेजात बायोलॉजी शिकवते म्हणून जरा सविस्तर लिहिते. अळीच्या नसांत क्लोराइडचं चॅनल, म्हणजे क्लोराइड आत सोडणारं दार असतं, ते ग्लुटामेट या नसांतल्या निरोप्या पदार्थानं उघडतं. ग्लुटामेट बाहेरच्या अंगाला आपल्या ठरलेल्या जागी बसतं. इमामेक्टिन त्या जागेकडं फिरकतच नाही, ते खाली पेशीच्या पडद्यातल्या भागात, चॅनलच्या दोन तुकड्यांमधल्या फटीत शिरतं आणि तिथून अख्ख्या चॅनलचा आकार असा बदलतं की ते उघडंच राहतं. क्लोराइड आत येत राहतं, नस गप्प होते, अळी लुळी पडून खाणं सोडते, मरायला मात्र दोन-चार दिवस घेते, त्यामुळं दुसऱ्या दिवशी जिवंत दिसली म्हणून लगेच परत पंप उचलू नका. मुख्य जागा सोडून दुसरीकडून असा ताबा ठेवणं म्हणजे अलोस्टेरिक. मोनो, शांझ्यू आणि जाकोब या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये हे एन्झाइमबद्दल, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांबद्दल मांडलं होतं. बॅक्टेरियात आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल पुरेसं झालं की तेच जाऊन आपल्याला तयार करणाऱ्या साखळीतल्या पहिल्या एन्झाइमला आडबाजूनं धरतं आणि काम थांबवतं, किती सुंदर व्यवस्था आहे!

पण त्या फटीतलं एखादं अमिनो आम्ल बदललं तरी औषधाची पकड सुटू शकते, इमामेक्टिनच्याच घरातल्या अबामेक्टिनच्या बाबतीत कोळी किडीत तसं सापडलेलं आहे. मग त्याच घटकाच्या दहा नावांच्या पुड्या मारून काय उपयोग? स्पिनोसॅड हे दुसरं कीटकनाशक वेगळ्याच रिसेप्टरवर (निरोप झेलणाऱ्या प्रथिनावर), असिटिलकोलीन या दुसऱ्या निरोप्याच्या, तेही आडजागी बसतं. रसशोषक किडींचं इमिडाक्लोप्रिड त्याच रिसेप्टरवर, पण थेट असिटिलकोलीनच्या जागेत. औषध किडीत कुठं आणि कसं काम करतं त्यावरून त्याला गट नंबर असतो, आलटून पालटून म्हणजे हा गट बदलणं. जागा वेगळ्या म्हणून गट वेगळे: इमामेक्टिन ६, स्पिनोसॅड ५, इमिडाक्लोप्रिड ४ए.

तेव्हा विनंती एवढीच, औषधाचं नाव छापाल तिथं कंपनीच्या नावाऐवजी घटक आणि त्याचा गट नंबर द्या, आणि हे हरभरा घाट्यावर यायच्या आधी छापा.

– एक शिक्षिका, जालना जिल्हा