पिवळ्या खड्याच्या पावतीवर त्याचे खरे नाव हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुरुपुष्यामृताचा योग जवळ आला की कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफी पेढ्यांवर सोन्याबरोबर पिवळ्या खड्यांचीही मागणी वाढते. पुष्कराज परवडत नाही म्हणून त्याचे उपरत्न समजला जाणारा सुनेला, म्हणजेच सिट्रीन, अनेक जण अंगठीत बसवून घेतात. त्याचा ग्रहांवर काही परिणाम होतो की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे आणि त्यात मला पडायचे नाही. माझी तक्रार पावतीची आहे. नुकत्याच माझ्या पाहण्यात आलेल्या एका पावतीवर सोन्याचे वजन, शुद्धता, घडणावळ असा सगळा तपशील होता, खड्यापुढे मात्र ‘पिवळा स्टोन, 1 नग’ एवढेच लिहिले होते. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांक सक्तीचा झाला आहे, पण तो शिक्का सोन्याच्या शुद्धतेचा आहे. खड्याविषयी तो काहीच सांगत नाही, हे बहुतेक गिऱ्हाइकांच्या लक्षात येत नाही.

सिट्रीन हा स्फटिकाचाच, म्हणजे क्वार्ट्झचा, पिवळा प्रकार असून त्याला रंग येतो तो त्यातील लोहाच्या अंशामुळे. निसर्गतः पिवळा सिट्रीन कमी सापडतो आणि तो बहुधा फिकट असतो. बाजारात दिसणारा गडद मधाळ किंवा नारिंगी झाक असलेला खडा बहुतांशी ब्राझीलमधील जांभळा अॅमेथिस्ट साधारण 400 ते 550 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तयार केलेला असतो. असा रंग टिकाऊ असतो आणि सगळ्या जगात हा व्यवहार मान्य आहे, त्यामुळे तापवलेला खडा विकण्यात गैर काही नाही. गैर आहे ते तापवल्याचे न सांगणे, आणि त्याहून गैर म्हणजे ‘गोल्डन टोपाझ’ असे भारदस्त नाव देऊन त्याचा भाव चढवणे. टोपाझ हे वेगळे खनिज आहे. पिवळा पुष्कराज म्हणून विकला जाणारा नीलमवर्गातील खडाही वेगळाच. त्याची कठीणता 1 ते 10 च्या मोहस मापावर 9, तर सिट्रीनची 7.

या दोघांच्या घनतेतही मोठा फरक आहे. सिट्रीनची घनता 2.65, तर पुष्कराजाची सुमारे 4 असल्यामुळे 5 कॅरेटचा, म्हणजे 1 ग्रॅमचा सिट्रीन तेवढ्याच वजनाच्या पुष्कराजाच्या जवळजवळ दीडपट आकारमानाचा असतो. खडा सुटा असेल तर प्रयोगशाळा घनता आणि अपवर्तनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप) मोजून तो कोणता हे सहज सांगते. कोंदणात बसल्यावर तेच काम अवघड होते. म्हणून तपासणी अंगठी घडवण्याआधी करावी आणि वजन रत्तीऐवजी कॅरेटमध्ये लिहून घ्यावे, कारण रत्तीचे माप सगळीकडे एकच नसते. दुधात खडा टाकून पाहण्याचा घरगुती उपाय करमणुकीपुरता ठीक आहे.

सिट्रीन मोठ्या आकारातही विपुल मिळतो आणि सहसा स्वच्छ असतो. त्यामुळे डोळ्यांना दिसणारे डाग किंवा चिरा असलेल्या खड्याला पूर्ण भाव देण्याचे कारण नाही. पैलूंची पारख करायची तर खडा आपल्याच वृत्तपत्राच्या छापील मजकुरावर, तोंड वर करून ठेवावा. मधोमध अक्षरे स्वच्छ वाचता आली तर तळ उथळ कापला आहे आणि प्रकाश परत न येता आरपार जातो आहे, असे समजावे. भिंगातून गोल बुडबुडे दिसले तर ती बहुधा काच असते. प्रयोगशाळेत वाढवलेला पिवळा क्वार्ट्झ मात्र भल्याभल्यांना नजरेने ओळखता येत नाही आणि नेमके म्हणूनच खडा नैसर्गिक, तापवलेला की कृत्रिम, हे विक्रेत्याने सही-शिक्क्यानिशी पावतीवर लिहून देणे गरजेचे आहे. शहरातील सराफ व्यापाऱ्यांनी हा पायंडा स्वतःहून पाडला तर वादाची वेळ आल्यास ग्राहकाच्या हाती लेखी पुरावा राहील आणि सचोटीने धंदा करणाऱ्या पेढ्यांचेही त्यात हितच आहे.

निगा फारशी कठीण नाही. खड्याच्या पाठीमागे उघड्या कोंदणात साबण, पीठ आणि त्वचेचा तेलकटपणा साचून तेज मंदावते. कोमट पाण्यात रिठा किंवा सौम्य साबण घालून मऊ ब्रशने तो भाग मागून स्वच्छ करावा. वाफेच्या यंत्राने साफ करू नये, कारण तापमान एकदम बदलल्यास खडा तडकू शकतो. हिरे-माणकांबरोबर एकाच डबीत ठेवल्यास त्यावर चरे पडतात. अंगठी सैल किंवा घट्ट करायला देताना ज्योत लावण्यापूर्वी खडा काढून घेण्यास कारागिराला आवर्जून सांगावे आणि दुरुस्तीच्या पावतीवरही त्याचे नाव, रंग आणि वजन लिहून घ्यावे.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर