दारू सोडण्याचे पहिले आठ दिवस : पेठेतील तालमीचे कोल्हापूरकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या गणेशोत्सवात मिरवणुकीची साउंड सिस्टीम रद्द करून ती रक्कम दारूच्या आहारी गेलेल्या आणि उपचारांची ऐपत नसलेल्या माणसांसाठी राखून ठेवावी, असा ठराव शिवाजी पेठेतील आमच्या तालमीच्या सभेत एकमताने झाला. त्या निधीत आपणही भर घालावी, ही विनंती करण्यासाठी हे आवाहन आहे. मात्र हा निधी दारू सोडण्याच्या पहिल्या आठवड्यावरच खर्च करण्याचे आम्ही का ठरवले, हे सविस्तर सांगितल्याशिवाय पैसे मागणे आम्हाला योग्य वाटत नाही.

आमच्या तालमीतला एक जुना पैलवान उद्यमनगरात लेथवर काम करायचा. सकाळी चहाच्या गाड्यावर त्याला बशी उचलता येत नसे. उचलली की चहा सांडायचा, म्हणून तो बशी बाकावरच ठेवून, खाली वाकून तिला ओठ लावायचा. मग उतारा म्हणून चपटी रिचवली की हात स्थिर व्हायचे आणि तो कामाला जायचा. दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा जणांनी त्याला अंबाबाईची शपथ घालून दारू एका दिवसात बंद करायला लावली आणि घराला बाहेरून कडी घातली. दुसऱ्या दिवशी त्याला झटका आला, तेव्हा आम्ही कांदा फोडून हुंगवला. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरच्या मुंग्या वेचून वहिनींच्या ओंजळीत टाकू लागला. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. बाहेरचे काही लागले असावे म्हणून शेजाऱ्यांनी लिंबू उतरवले आणि पहाटे, अंग तापाने फणफणलेले असताना, आम्ही त्याला सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेले. तो वाचला. आमच्या प्रेमाने त्याचा जीव जाता जाता राहिला, हे आम्ही विसरू शकत नाही.

त्यामागचे कारण आम्हाला नंतर डॉक्टरांनी समजावले. दारू मेंदूला गुंगी आणते. रोज भरपूर दारू येत राहिली की त्या गुंगीवर मात करण्यासाठी मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो, आणि दारू अचानक थांबली की गुंगी जाते पण वाढवलेली उत्तेजना तशीच उरते. म्हणून पहिल्या काही तासांतच थरथर, घाम, उलट्या आणि धडधड सुरू होते, साधारण पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होणे, तीव्र ताप येणे आणि वेळ-जागेचे भान हरपणे अशी अवस्था येते, जी उपचारांविना जीवघेणी ठरू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली डायझेपाम किंवा लोराझेपामसारखी औषधे सुरुवातीला पुरेशा मात्रेत देऊन ती काही दिवसांत कमी करत नेली, तर हा काळ बहुतेकांना सुखरूप पार करता येतो. त्यासोबत थायमिनची, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाची, इंजेक्शने अत्यंत आवश्यक असतात. जेवण सोडून पिणाऱ्याच्या अंगात हे जीवनसत्त्व उरलेले नसते आणि त्याच्या अभावाने स्मरणशक्तीला कायमची इजा होऊ शकते. अशा माणसाला अशक्तपणा आला म्हणून थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावणे धोक्याचे असते. हे इंजेक्शन महाग नाही; ते वेळेवर मिळत नाही, एवढेच.

यकृताविषयी एक गोष्ट घरोघरी कळायला हवी. रोज पिणाऱ्याच्या यकृतात आधी चरबी साठते, मग सूज येते आणि शेवटी ते निबर होऊन आक्रसते. पण पोटात पाणी होईपर्यंत किंवा डोळे पिवळे होईपर्यंत अनेकांना काहीच जाणवत नाही. चरबी साठलेले यकृत दारू पूर्ण थांबवल्यास बहुधा पूर्ववत होते, निबर झालेले सहसा होत नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगाशीही दारूचा संबंध सिद्ध झालेला असून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 1988 मध्येच तिला कर्करोगकारक ठरवले आहे. ‘मी फक्त बिअर घेतो’ असे म्हणणाऱ्यांनी साधा हिशोब करावा: 8 टक्के मद्यार्क असलेल्या 650 मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे 52 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो आणि व्हिस्कीच्या 60 मिलिलिटरच्या दोन पेगमध्येही जवळपास तेवढाच. आमच्याच रस्सा मंडळांच्या जेवणावळींत विशीच्या पोरांच्या हाती पहिली बाटली आम्हीच दिली, हेही येथे कबूल करायला हवे. तालमीच्या नावाने होणाऱ्या जेवणात यापुढे दारू असणार नाही.

केंद्र सरकारच्या 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात, आणि दाखल होऊन उपचार मिळणारा तर 180 जणांत एक. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत रोजावर काम करणाऱ्याचे आठ दिवस बुडाले की घरातली चूल थंडावते. बायको त्याच्यापाशी बसली तर तिचीही मजुरी जाते. उपचार फुकट असले तरी माणूस दाखल होत नाही, याचे कारण हेच आहे.

निधीतून आम्ही तेवढाच अडसर दूर करणार आहोत. दाखल असताना रुग्णाची औषधे व तपासण्या, सोबतच्या नातेवाइकाचे जेवण आणि त्या काळात घरी पोहोचवायचा शिधा, एवढ्यावरच पैसे खर्च होतील. रुग्णाला सरकारी रुग्णालयात किंवा शासनाकडे नोंदणी असलेल्या आणि डॉक्टर उपलब्ध असलेल्या केंद्रातच नेले जाईल. जेथे मारहाण होते किंवा साखळीने बांधून ठेवतात, अशा ठिकाणी कोणालाही पाठवले जाणार नाही.

घरच्यांना आणखी एक कळकळीची विनंती. दारू सोडवण्याची गोळी चोरून चहात किंवा भाजीत मिसळू नये. डायसल्फिराम पोटात असताना माणूस दारू प्यायला, तर रक्तदाब एकदम घसरून जिवावर बेतू शकते. ती गोळी रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायची असते. दारूची ओढ कमी करणारी नालट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही औषधेही आहेत. औषधांसोबत समुपदेशन आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारख्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटांच्या बैठका महिनोन्महिने चालू ठेवाव्या लागतात, आणि मध्येच कोणी घसरला तर त्याला पुन्हा उपचारांना न्यायचे असते, हिणवायचे नसते.

आपण 500 रुपयांपासून पुढे कितीही द्यावे. पैसे शक्य नसतील तर ज्वारी, तांदूळ, तूरडाळ द्यावी, किंवा रुग्णालयात एक रात्र सोबत बसावे. रात्रपाळीला माणसांची सर्वाधिक गरज आहे. कारखानदार बंधूंनी उपचार घेणाऱ्या कामगाराची जागा आठ-दहा दिवस राखून ठेवावी, ही देणगी आम्ही रोख रकमेपेक्षा मोठी मानू. देणगी व धान्य रोज सायंकाळी 6 ते 8 या वेळेत तालमीत स्वीकारले जाईल, प्रत्येक देणगीची पावती दिली जाईल आणि जमाखर्च दर महिन्याच्या 1 तारखेला तालमीच्या फलकावर लावला जाईल. रुग्णाचे नाव मात्र फलकावर किंवा बोलण्यातही येणार नाही.

घरात कोणी रोज पीत असेल आणि सकाळी त्याचे हात थरथरत असतील, तर त्याची दारू घरीच बंद करू नका. आधी 14446 या व्यसनमुक्तीच्या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारा, किंवा थेट तालमीत या. त्या पैलवानाने आता लेथचे काम पुन्हा धरले आहे आणि सायंकाळी दाराशी तोच बसलेला असतो.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद