हृदय भरते आहे का, हे विचारल्याबद्दल

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

त्या रात्री अतिदक्षता विभागात एकही कठोर शब्द न उच्चारता तुम्ही माझी चूक दाखवून दिलीत, त्याबद्दलचे आभार तेव्हा मानायचे राहून गेले.

रुग्णाचा वरचा रक्तदाब 84 वर अडकला होता आणि हृदयच दुर्बल झाले आहे असे गृहीत धरून मी डोब्युटामिन या हृदयाचे आकुंचन वाढवणाऱ्या औषधाचा वेग दोनदा वाढवला होता. नाडी 128 झाली, रक्तदाब जागचा हलला नाही आणि ऑक्सिजनची पातळी मात्र 93 वरून 88 वर उतरली. तुम्ही आधी गळ्याच्या फुगलेल्या शिरा पाहिल्यात, मग पाठीवर बोट ठेवून ठोकलेत. आवाज दगडावर ठोकल्यासारखा बद्द आला. सोनोग्राफीच्या पडद्यावर काळ्या पाण्यात फुप्फुसाचे टोक हलत होते आणि हृदय सैल पडताना दर वेळी त्याच्या उजव्या कप्प्याची भिंत आत दबत होती. "पिळायला लावता आहात, पण भरते आहे किती?" एवढेच तुम्ही विचारलेत.

फुप्फुसाच्या आवरणात एरवी जेमतेम काही मिलिलिटर द्रव असतो. तो लिटरांनी साठला की छातीतला दाब वाढतो, शिरांतून परतणारे रक्त अडते, आणि औषधाने ठोके वाढवले तर हृदयाला भरायला मिळणारा वेळ आणखीच आखडतो. ऑक्सिजन का उतरला, हे तर मला मुळीच उमगले नव्हते. दबलेल्या, हवा न पोहोचणाऱ्या भागातल्या रक्तवाहिन्या आपणहून आकसतात आणि रक्त हवेशीर भागाकडे वळवतात. डोब्युटामिन त्यांना सैल करते, आणि ते रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जाते. या दोन्ही गोष्टी मी परीक्षेत वेगवेगळ्या लिहिल्या होत्या. एकाच खाटेवर त्या एकत्र पाहिल्या नव्हत्या.

औषध वाईट नव्हे, हेही तुम्ही बजावलेत: हृदयाचे आकुंचनच क्षीण असेल तेव्हा तेच आधार देते. मग तुम्ही सुईने सावकाश 1.2 लिटर पाणी काढलेत. एका वेळी दीड लिटरच्या पुढे जायचे नाही, कारण दबलेले फुप्फुस एकदम फुलले तर त्याच्या आतच पाणी भरू शकते, असे सांगत. नळी काढण्याआधीच रक्तदाब 106 झाला होता.

पहाटे डोब्युटामिन बंद करायला तुम्ही मलाच सांगितलेत. त्या विश्वासाबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

आपली,
तेव्हाची निवासी डॉक्टर