इंजेक्शनच्या आधी दुधाचा नमुना घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या आर्वी-कारंजा भागातील दूध संकलन केंद्रांवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) पाहून दर ठरतो. ज्या गाईचे दूध आहे तिच्या कासेत आजार आहे का, हे त्या यंत्रावर कळत नाही. कास घट्ट झाली, दुधात गाठी आल्या किंवा रक्त उतरले की आपण दगडी झाली म्हणतो आणि डॉक्टरांना बोलावतो. सुप्त कासदाहात, म्हणजे छुप्या दगडीत, मात्र यातले काहीच दिसत नाही. गाय चरते, रवंथ करते, दूध पांढरेशुभ्र असते. फक्त ढेप तेवढीच घालूनही ते कमी होत जाते आणि धार काढणाऱ्याच्या हातांवाटे जिवाणू शेजारच्या जनावराच्या कासेत पोहोचतात.

हा आजार गोठ्यातच ओळखणारी कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट 1957 पासून उपलब्ध आहे. चार खणांच्या पसरट पात्रात चारही सडांचे दूध वेगवेगळे घ्यायचे, तेवढेच जांभळे द्रावण घालून पात्र गोल फिरवायचे; ज्या खणातले मिश्रण शेंबडासारखे चिकट होईल, तो सड संशयित. ही चाचणी दुधात वाढलेल्या पेशी दाखवते, जिवाणू कोणता हे सांगत नाही, आणि इलाज तर त्यावरच अवलंबून असतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस धारेच्या वेळी एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो, तर ई. कोलाय बहुधा शेण-चिखलातून येतो. जिवाणू कोणता हे कळण्यासाठी नमुना प्रयोगशाळेत 24 ते 48 तास वाढवून, सापडलेल्या जिवाणूवर कोणते प्रतिजैविक चालते हे पाहावे लागते.

आपल्याकडे क्रम नेमका उलटा आहे. आधी इंजेक्शन, मग सडात ट्यूब, फरक पडला नाही तर दुसरे औषध आणि सगळे थकल्यावर नमुना. तोवर औषधामुळे जिवाणू प्रयोगशाळेत वाढेनासे होतात आणि अहवाल निर्दोष येतो. नमुना घेण्यातही निष्काळजीपणा फार. सड स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, पहिल्या काही धारा टाकून, निर्जंतुक बाटलीत दूध घ्यावे व ती बर्फात ठेवावी. घरातली औषधाची रिकामी बाटली धुऊन नेली तर गाईचे नव्हे, बाटलीचे जिवाणू सापडतील.

दूध उकळूनच पितो, मग काळजी कशाला, असेही म्हटले जाते. उकळल्याने जिवाणू मरतात हे खरे, पण स्टॅफिलोकोकसने आधीच तयार केलेले विष त्या उष्णतेला दाद देत नाही, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात थंड न केलेल्या दुधात ते तयार व्हायला वेळ लागत नाही.

नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय व महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, अकोल्यात स्नातकोत्तर संस्था आहे; विदर्भात जाणकारांची वाण नाही. अडचण आहे ती गावातला नमुना वेळेत तिथवर पोहोचण्याची. शीतकरण केंद्राकडे रोज जाणाऱ्या दूधगाडीत बर्फाचा एक डबा ठेवला, तर निम्मी वाट सुटते. पुढची वाट तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याने सांभाळावी. संकलन केंद्रांनी महिन्यातून एकदा सभासदांच्या जनावरांची गोठ्यावर चाचणी करावी आणि बाधित सडाचे दूध वेगळे ठेवायला लावावे, मात्र त्या शेतकऱ्याच्या बाकीच्या दुधाचा दर पाडू नये. दर पडणार असेल तर पुढच्या महिन्यात कोणी चाचणीसाठी गाय पुढे करणार नाही.

आपला,
एक दूध उत्पादक,
ता. आर्वी, जि. वर्धा