सूनबाईची अंगठी

नागपूर

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर सूनबाईनं केस मागे सारले आणि माझी नजर तिच्या बोटावर गेली. साखरपुड्याची अंगठी मांसात रुतली आहे रे. सातवा महिना, त्यात मे महिन्याची काहिली, बोटं सुजणारच. पण ती अंगठी आजच निघाली पाहिजे.

आधी तिचा हात उशांवर, छातीपेक्षा उंच, दहा मिनिटं ठेव. मग गार पाण्यात बुडव. मग खोबरेल तेल किंवा साबणाचा फेस लावून अंगठी हळूहळू फिरवत पुढे आण. ओढू नकोस बाप्पा! ओढलं की पेरापाशी कातडी गोळा होते आणि अंगठी जास्तच अडकते.

नाहीच निघाली तर दोरा. दात साफ करायचा चपटा दोरा मिळतो, तो घे. एक टोक अंगठीखालून तळहाताकडे काढ. उरलेला दोरा अंगठीला लागूनच, फट न ठेवता, पेराच्या पार पुढेपर्यंत घट्ट गुंडाळ. आता तळहाताकडचं टोक नखाच्या दिशेनं धरून उलगडत जा. एकेक वेढा सुटतो, तशी अंगठी पुढे सरकते. दुखेल थोडं. दोन-तीन मिनिटांत जमलं नाही तर दोरा लगेच सोड. बोटाला जखम असेल तर हा प्रकार करूच नकोस.

आणि बोट निळं पडलं, गार किंवा बधिर झालं, तर घरचे उपाय थांबवून सरळ दवाखान्यात जा आणि अंगठी कापून घ्या. अंगठीखाली चपटी पट्टी सरकवतात, वरून छोटं दातेरी चाक फिरवतात. पट्टीमुळे कातडीला धक्का लागत नाही. सोनं मऊ, पटकन कापलं जातं. तुझी ती काळी टंगस्टनची अंगठी मात्र कापत नाही, दाबून फोडावी लागते. तूही काढून ठेव.

तू चौथीत असताना मला गांधीलमाशी चावली होती, आठवते? अंगठी माहेरची, कापायला जीव होईना. रात्रभर कूलरसमोर बसून साबण चोळला. सकाळी बोट वांग्यासारखं जांभळं. माशी चावली त्याच क्षणी काढली असती तर सहज निघाली असती. अजून त्या बोटाचं टोक बधिर आहे. भाकरी थापताना तिथं पीठ लागतं की नाही, कळत नाही. अंगठी मात्र इतवारीतल्या सोनारानं डाग देऊन अशी जोडली, की जोड कुठे आहे ते मलाही सापडत नाही.

आणखी एक. सूज एकाएकी वाढली, चेहऱ्यावर आली, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते उन्हाचं समजू नका. त्याच वेळी डॉक्टरांकडे जाऊन तिचं बीपी तपासा.

रात्री तिच्या मोकळ्या बोटाचा फोटो पाठव. तोवर मी जागीच आहे.

तुझी,
आई