सगळं विसरून जा म्हणता, म्हणून हे पत्र

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली, "झालं ना आता सगळं? मग कशाला त्या बायकांमध्ये जाऊन बसतेस? विसरून जा." बाबा मागून काहीतरी बोलले, नीट ऐकू आलं नाही, पण सूर तोच होता. 'त्या बायका' म्हणजे माझ्यासारख्याच स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या बायकांचा आमचा ग्रुप. मी नेहमीसारखं "बघू" म्हटलं आणि विषय बदलला. फोनवर मला हे बोलता येत नाही. आईचा आवाज कापरा झाला की मी तिचीच समजूत काढायला लागते आणि माझं सांगायचं तसंच राहून जातं. म्हणून लिहिते आहे. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवालच, पण मधल्या ओळी गाळू नका. तुमची ती सवय मला ठाऊक आहे.

तब्येतीचं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. मागच्या चेकअपला काही निघालं नाही. हार्मोनला रोखणारी गोळी, टॅमॉक्सिफेन, चालू आहे आणि अजून बरीच वर्षं चालेल. "गोळी आहे म्हणजे आजार आहे का?" असं बाबा दर वेळी विचारतात. तसं नाही. माझी गाठ इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणाऱ्या जातीची होती. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं होऊनही एखादी चुकार पेशी कुठे दडून राहिलीच असेल, तर तिला त्या हार्मोनचं खतपाणी मिळू नये म्हणून ही गोळी देतात. निदान पाच वर्षं. काहींना दहा वर्षं, कारण दहा वर्षं घेतली तर आजार उलटण्याचं प्रमाण आणखी खाली येतं असं २०१३ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं. त्रास म्हणजे अंगातून वाफा निघतात आणि रात्री झोप मोडते. तुम्ही आलात तेव्हा मी मध्यरात्री खिडकी उघडून बसलेली दिसले, ते यामुळेच. रडत नव्हते.

दुसरा तुमचा प्रश्न, "सगळ्या अंगाचं स्कॅन करून एकदा खात्री का करून घेत नाहीत?" हा प्रश्न मीही डॉक्टरांना विचारला होता, जरा चिडूनच. काही तक्रार नसताना उगाच स्कॅन आणि रक्तात कॅन्सरच्या खुणा (मार्कर) शोधणाऱ्या तपासण्या करत राहिल्याने बायका जास्त जगतात असं आढळलेलं नाही. इटलीत यावर दोन मोठे अभ्यास झाले, १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि दोन्हींचा निष्कर्ष हाच. त्यामुळे डॉक्टर ठरावीक अंतराने हाताने तपासतात, राहिलेल्या बाजूची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, वर्षातून एकदा होते आणि नवीन काही जाणवलं तर मी जाऊन सांगायचं. हे ऐकायला सोपं आहे, पण पहारा आपल्यावरच आला की पाठ दुखली तरी मनात येतं, हाडात गेलं का? खोकला आला की फुप्फुस. चेकअप जवळ आला की घरात मी कोणाशीच धड बोलत नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्हाला वाटतं उपचार चालू होते तो वाईट काळ आणि ते संपले तो चांगला. माझं उलट झालं. उपचारांत रोज काहीतरी ठरलेलं असायचं. आज केमो, उद्या रक्ततपासणी, मग रेडिएशन, कोणी सोबत येतंय, कोणी डबा देतंय, नर्स नावाने हाक मारतेय. शेवटचं रेडिएशन झालं, डॉक्टर हसून म्हणाले, "आता काही महिन्यांनी भेटू," आणि मी रस्त्यावर येऊन उभी राहिले. सगळ्यांनी अभिनंदन केलं. तुम्ही दोघं इतके सुटलात की बाबा कितीतरी दिवसांनी जोरात हसले. त्या हसण्यासमोर मी कशी सांगणार होते, की मला खरी भीती आत्ता वाटायला लागली आहे? की जिना चढून आल्यावर बसावं लागतं, वाक्याच्या मध्येच शब्द सापडत नाही, आंघोळीनंतर आरशाकडे पाठ करूनच कपडे घालते?

ग्रुपचा पत्ता वॉर्डातल्या नर्सनेच दिला होता. तो कागद मी बरेच दिवस पर्समध्ये नुसता वागवला. मला वाटायचं तिथे सगळ्या गोल बसून रडत असतील. गेले तर पहिलंच बोलणं चाललं होतं गाडीच्या सीटबेल्टवर. ऑपरेशनच्या जागेवर तो घासतो, मग मध्ये काय ठेवायचं, यावर चार जणींची चार मतं. मग कोणीतरी तिचा कृत्रिम स्तन पोहताना कसा निसटून वर आला ते सांगितलं आणि सगळ्या हसून हसून लोळल्या. घरी हे कोणासमोर बोलले असते तर तिथे स्मशानशांतता पसरली असती. त्या खोलीत मला काहीच पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं नाही. "शब्द सापडत नाहीत" म्हटल्यावर तिघींनी माना डोलावल्या. केमोनंतर हे पुष्कळ जणींना होतं आणि बहुतेकींचं हळूहळू कमी होतं, हे डॉक्टरांनीही सांगितलं होतं, पण शाळेत शिकवायला पुन्हा उभ्या राहिलेल्या बाईकडून ऐकलं तेव्हा ते मला पटलं. नवरा जवळ येतो तेव्हा काय होतं, हेही तिथेच बोलता आलं. बाबा, ही ओळ गाळलीत तरी चालेल.

आईला भीती आहे की तिथे कोणीतरी काढे नि चमत्कार गळ्यात मारेल. तिथे नियम कडक आहेत. एकमेकींच्या औषधांत नाक खुपसायचं नाही. "मला हे दिलं होतं" एवढंच सांगायचं, "तूही घे" म्हणायचं नाही. बोलणं चालवायला समुपदेशक बसलेल्या असतात. एकदा एकजण केमो अर्धवट सोडून कसलंसं पथ्य पाळायचं म्हणाली, तेव्हा त्यांनी तिला न दुखावता थांबवलं आणि नंतर स्वतः तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेल्या. दुखण्याबद्दल आमच्यात एक ठोकताळा आहे. नवीन दुखणं दोन आठवड्यांत गेलं नाही तर डॉक्टरांना सांगायचं, तोवर रोज चाचपत बसायचं नाही. माझ्या किती रात्री या एका ठोकताळ्याने वाचवल्या म्हणून सांगू.

आणि हे हल्लीचं फॅड अजिबात नाही. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या तेरेझ लासर यांचं स्तनाचं ऑपरेशन झालं. त्या काळी हाल्स्टेड या सर्जनची पद्धत चालायची. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड), सगळंच काढून टाकत. पुढे हात वर कसा न्यायचा, कपड्यांच्या आत काय भरायचं, घरच्यांशी काय बोलायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं. बाईंनी स्वतःच व्यायाम बसवले आणि इतर बायकांच्या खाटांशी जाऊन शिकवायला लागल्या. डॉक्टरांना ही लुडबूड वाटायची. तरी त्या जात राहिल्या. त्यातून 'रीच टू रिकव्हरी' ही अशा भेटींची योजना उभी राहिली, आणि १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ती आपल्या कामात घेतली. भेटायला जाणारी बाई स्वतः त्यातून गेलेली असली पाहिजे, हे तिचं मूळ सूत्र. आता ते जगभर पसरलं आहे.

बाबा, तुम्ही पुरावा मागणार, म्हणून तेही वाचून ठेवलं. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल या मनोविकारतज्ज्ञांनी लिहिलं, की आजार पसरलेल्या ज्या बायका दर आठवड्याला अशा ग्रुपमध्ये येत, त्या इतरांपेक्षा सरासरी दीड वर्ष जास्त जगल्या. साहजिकच फार गाजावाजा झाला. मग कॅनडात याहून मोठा अभ्यास झाला आणि २००१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. मन मात्र सावरलं आणि वेदना कमी जाणवल्या, विशेषतः ज्या आधीच फार खचलेल्या होत्या त्यांना. पुढे स्पीगल यांच्या स्वतःच्या नव्या अभ्यासातही आयुष्य वाढलं नाही.

हे वाचून मी निराश होईन असं तुम्हाला वाटेल. मला हायसं वाटलं. आई, तू मला रोज बजावायचीस, "मन घट्ट ठेव, वाईट विचार आणू नकोस, म्हणजे जवळ येणार नाही." तुझा हेतू मला कळतो. पण याचा दुसरा अर्थ असा निघतो, की जिचा आजार उलटला ती मनाने कमी पडली. आमच्या ग्रुपमध्ये एकजण आहे, तिचा आजार यकृतात पसरला आहे. तिच्याइतक्या खंबीर मनाची बाई मी पाहिलेली नाही. तिच्याकडे बघून मला कोणी "सकारात्मक राहा" म्हटलं की चीड येते. मी मनाने खचले त्या दिवशी गाठ वाढत नव्हती आणि हसले त्या दिवशी ती घटत नव्हती. एवढं कळल्यावर रडू आलं तर रडायची मुभा मिळते.

तिच्यामुळेच तुम्हाला मी तिथे जायला नको आहे, हे मला माहीत आहे. तिला बघून मी घाबरेन म्हणून. घाबरले ना. पहिल्यांदा ती बोलली त्या रात्री झोप लागली नाही. नव्याने आलेल्या काहींनी तर येणंच सोडलं. पसरलेल्या आजाराच्या बायकांसाठी वेगळी बैठक असावी असं ठरलं, आणि ते बरोबरच आहे, त्यांचे प्रश्न वेगळे असतात, आमच्या "संपलं एकदाचं" या बोलण्यात त्यांना जागा उरत नाही. ती मात्र दोन्हीकडे येते. मागे म्हणाली, "मला बघून तुम्हाला काय वाटतं ते दिसतं मला. पण मी इथे मरायला येत नाही, गप्पा मारायला येते." उपचार चालू ठेवून ती नोकरी करते, लेकीच्या परीक्षेवरून तिच्याशी भांडते. मला ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते, ते वाट्याला आलं तर कसं जगायचं, हे मी समोर बसून बघते आहे. भीती गेली नाही. आकारात आली, एवढंच.

आता नवीन बातमी, जी ऐकून आई रागावणार आहे. नुकतंच निदान झालेल्या बायकांना भेटायला मी जाणार आहे. त्यासाठी थोडं प्रशिक्षण घेतलं. शिकवलं काय, तर मुख्यतः गप्प बसायला. आपली कहाणी सांगत सुटायचं नाही, "तुला काही होणार नाही" म्हणायचं नाही, आकडे द्यायचे नाहीत. ती विचारेल तेवढंच बोलायचं. आणि स्वतःला झेपेनासं झालं तर सरळ सांगून काही काळ थांबायचं, त्यात कमीपणा नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी छताकडे बघत पडले होते. तेव्हा अंगावर नेहमीचे कपडे, खांद्यावर पिशवी, असं कोणी येऊन नुसतं समोर बसलं असतं तरी मला खूप झालं असतं. मी जाते ती यासाठी. दुःख उगाळायला नाही जात.

पिशवीवरून आठवलं. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताने मी काही उचललं की तुम्ही दोघं धावत येता. काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्यावर हाताला सूज येऊ शकते, हे खरं, आणि पूर्वी त्या हाताने जड उचलूच नका असं सांगायचेही. पण २००९ मध्ये सूज असलेल्या बायकांवरच अभ्यास झाला. देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलली तर सूज वाढली नाही आणि हातात ताकद आली. मी फिजिओथेरपिस्टकडे शिकून वजनं उचलते. तेव्हा आईने आता माझ्या हातातून पाण्याची बाटली काढून घेऊ नये.

आई, तुझ्या मनात एक प्रश्न आहे आणि तो तू कधीच विचारणार नाहीस, म्हणून मीच उत्तर देते. हे तुझ्याकडून आलेलं नाही. माझी जनुकांची तपासणी झाली, त्यात बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या, स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेल्या जनुकांमध्ये दोष निघाला नाही. स्तनाचा कॅन्सर झालेल्या शंभर जणींत वंशपरंपरेने आलेला साधारण पाच ते दहा जणींचाच असतो. आणि असता तरी तो दोष बाबांकडूनही येऊ शकतो, हे किती जणांना माहीत असतं? तू देवापुढे बसून काय काय कबूल करतेस ते मला मावशीने सांगितलं आहे. ते बंद कर.

शेवटचं, आणि याच्यावर मी खरंच चिडले आहे. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, एकाचं ऑपरेशन लांबवलं आहे, आणि हे मला शेजारच्या काकांकडून कळतं. "तिला आधीच किती ताप" म्हणून तुम्ही सांगितलं नाहीत. आईच्या गुडघ्याचंही तसंच असणार. उपचार चालू होते तोवर ठीक होतं. आता मला घरातल्या कटकटी पुन्हा हव्या आहेत. तुम्ही सगळं झाकून ठेवलंत, तर "विसरून जा" म्हणायचं तुम्ही आणि आजारी समजून वागायचंही तुम्हीच, असं होतं.

बाबा, तारीख घ्या आणि त्याच दिवशी मला कळवा. रजा मी बोलून ठेवली आहे. डोळ्यांत थेंब कधी कधी घालायचे त्याचा तक्ता मी करून आणते. तुमच्या हातून वेळा पाळल्या जाणार नाहीत, आणि आईला बाटलीवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत.

तुमची,
लेक